वल्हं कोणाचं अडकलं?

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार, वाकता येईल तेवढा वाकून. (कंबर धरली आहे, का ते पुढे सांगतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनीचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक, म्हणजे माझ्याखेरीज सगळे.

झालं असं, की महिन्यापूर्वी विद्यापीठाचे क्रीडाशिक्षक माझ्या दुकानात चष्म्याची दांडी बसवायला आले. मी आपला बोलता बोलता बोलून गेलो, की एके काळी आम्ही दोघे भाऊ नाव वल्हवायचो. (ही जीभ एक दिवस मला मारणार, असं आई म्हणायचीच.) दुसऱ्याच दिवशी पाच नवशिक्या मुली माझ्या गळ्यात पडल्या. चौघी वल्ह्यांवर, आणि पाचवी सुकाणूवर. ती वीतभर आहे, पण ओरडली की पलीकडच्या काठावरची कुत्री उठून बसतात.

पहिल्या दिवशी नाव खांद्यावर घेऊन चौघी चार दिशांना निघाल्या. क्रीडाशिक्षकांची सायकल नावेत अडकली आणि तीही पाण्यापर्यंत आली. म्हटलं, थांबा, मीच करून दाखवतो. बसलो. वल्हवलंही, अगदी झोकात! काठाला आल्यावर मात्र उठता येईना. शेवटी चौघींनी मला पोत्यासारखं धरून धक्क्यावर ठेवलं. (कंबरेचं कारण ते हे.) गंमत म्हणजे चौघींचे हात एका वेळी हलले, ते त्या दिवशी पहिल्यांदा. मग मी रोज तेच सांगू लागलो, "मला उचलताय असं समजा." हसत हसत का होईना, पोरी तालात आल्या.

परवा रविवारी त्यांची पहिली शर्यत झाली. पाच नावा. आपली तिसरी होती, दादा, तिसरी! मी काठानं धावत होतो (धावत म्हणजे, लोक वाट देत होते एवढंच). शेवट अगदी टप्प्यात असताना एक वल्हं पाण्यात रुतलं, नाव गर्रकन वळली आणि आपण पाचवे आलो. पराभव कसा पचवावा यावर मी चांगलं भाषण पाठ केलं होतं. पण नाव धक्क्याला लागते न लागते तोच दोन नंबरच्या वल्ह्यावरच्या मुलीनं वर्गात करतात तसा हात वर केला. एरवी ही दिवसाला चार शब्द बोलते.

"सर, वल्हं माझं अडकलं. ह्यांचं काही चुकलं नाही."

तिच्या मागची म्हणाली, "हात्तिच्या! मला वाटलं माझंच." आणि पाचही जणी ओल्याचिंब अवस्थेत एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. माझं भाषण तसंच राहिलं. चष्मा पुसायला म्हणून नावांच्या गोदामामागे गेलो, तो बराच वेळ पुसत बसलो.

असो. थोरांना नमस्कार, लहानांना जे काय देतात ते.

तुझा,
धाकटा

ता. क. आपल्या शेवटच्या शर्यतीत आपली नाव डावीकडे वळली होती. डावं वल्हं माझं होतं. काठावरून कुणाला दिसलं नाही, आणि आपल्या तेव्हाच्या मास्तरांनी विचारल्यावर मी "दादाचं अडकलं" म्हणून मोकळा झालो. तू काहीच बोलला नाहीस. तीस वर्षं चारचौघांत मी तो किस्सा रंगवून सांगतो, तू हसतोस, आणि वहिनी उठून आत जाते.

आणखी एक. पुढच्या रविवारी मुलींची दुसरी शर्यत आहे. ये. त्यांना खरं सांगायचं आहे, पण तू शेजारी उभा असल्याशिवाय माझ्या तोंडातून शब्द फुटणार नाही.

शेवटचं. हे पत्र वहिनीला दाखवू नकोस.

नाही, दाखव. आधी तिलाच दे.