आईशी बोलते मी

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

आज परत खुर्ची! हेक्टरनं उचलली आणि थेट फळ्यावर. मी दोन फूट बाजूला होते म्हणून वाचले. कारण काय, तर मी म्हटलं, फोन टोपलीत टाक. माझा अंगठा सुजलाय. खुर्ची उचलून ठेवताना मीच चेंगरून घेतला, पण त्याचंही खापर हेक्टरवर फोडायला मला आवडेल.

हात असा शिवशिवला! गावाकडे आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या शाळेत असता तर दोन मुस्काटात बसल्या असत्या आणि संध्याकाळी पोरगं निमूट पाढे म्हणत बसलं असतं. इथं अमेरिकेत भिंतीवर अपेक्षांची पाटी आहे — वेळेवर या, फोन टोपलीत, कुणावर हात उचलायचा नाही. खाली चौऱ्याऐंशी मुलांच्या सह्या, आम्हा अकरा शिक्षकांच्याही. मोठ्या हायस्कुलांनी नको म्हटलेली पोरं आमच्याकडे येतात, राहिलेली क्रेडिट्स भरतात आणि डिप्लोमा घेऊन जातात. निदान निम्मी तरी.

शाळा सुटल्यावर हेक्टर येऊन फळा पुसून गेला. सॉरी नाही म्हणाला.

५ सप्टेंबर

नवी मुलगी, निधी. आणि चक्क मराठी! माझ्या बारा वर्षांत पहिलीच. आधीच्या शाळेत एका मुलीच्या तोंडावर स्टीलची बाटली मारली, दात पाडला. सहा क्रेडिट्स बाकी आहेत. इथं टिकली तर मे महिन्यात सुटेल.

आईबाप दोघं आले होते. बाप संग्राम, कम्प्युटर चिपच्या कंपनीत. आडदांड माणूस, आवाज असा की आमची प्रिन्सिपल रेने खुर्चीत दचकली. "लास्ट चान्स आहे तुझा, कळलं?" म्हणत टेबलावर मूठ आपटली. आई शोभना मात्र गरीब गाय. जाताना माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही आहात म्हणून जिवात जीव आला. महाराष्ट्र मंडळात कुणाला बोलू नका हं, प्लीज." फोन नंबर घेतले-दिले.

वर्गात सगळे मला मिस एम म्हणतात. निधीनं वही पुढं केली आणि तोंडातून निघून गेलं — "मावशी, हे बरोबर आहे?" वर्ग हसला, ती लाल झाली. मला किती बरं वाटलं, काय सांगू!

८ सप्टेंबर, रविवार

मंडळाचा गणपती. शोभना सगळ्यांना सांगत होती, निधी हुशार मुलांच्या कसल्याशा स्पेशल ऑनर्स प्रोग्रॅममध्ये आहे. मग माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मोदक झकास होते तिचे.

१७ सप्टेंबर

बाहेर एकशेचार फॅरेनहाइट आणि ही पोरगी लांब बाह्यांचा हुडी घालून. वर्तुळ काढताना बाही वर सरकली. दंडावर चार बोटं आणि अंगठा, निळे-पिवळे. मोजता येतील इतके स्पष्ट.

बाजूला घेतलं. "दारात अडकला हात." — दाराला बोटं असतात का गं? मी विचारलं, "बाबा?" मान खाली. एवढंच — "मावशी, आईला नका सांगू." बघा, मार खाऊनही लेकीला काळजी आईची! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

नियम मला पाठ आहे. असं काही दिसलं की त्याच दिवशी राज्याच्या बालसंरक्षण हॉटलाइनला फोन. शिक्षकाला मुभा नाही, विचार करत बसायची सोयही नाही. दर ऑगस्टला ट्रेनिंग घेतो, सही करतो. फोन हातात घेतला होता मी. पण हॉटलाइन म्हणजे पोलीस दारात. संग्राम व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं. सगळं घर उखडायचं, माझ्या एका फोननं?

आणि खरं लिहायचं तर — माझा अथर्व चौथीत असताना मी त्याला अशी थोबाडीत मारली होती की ओठ फुटला. पुढं आठवडाभर त्याच्या शाळेचा नंबर दिसला की मी फोन उचलत नव्हते. तेव्हा कुणी फोन केला असता तर?

नाही केला. उद्या तिच्या आईशी बोलते.

१८ सप्टेंबर

बोलले. शोभना ढसाढसा रडली. "ताई, मला काहीच माहीत नव्हतं हो. निधीनं अजून काय सांगितलं?" म्हटलं, काही नाही, बाही सरकली म्हणून दिसलं. म्हणाली, "तुम्ही मला सगळं सांगत राहा. मी बघते." चला, घरात एक तरी माणूस पोरीच्या बाजूला आहे.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज थेट त्यांच्या घरी गेले. शिक्षिका म्हणून नाही, मावशी म्हणून. शोभनानं पोहे केले होते. मी प्लेट बाजूला ठेवली आणि म्हटलं, "संग्राम, मी तुमच्यापेक्षा मोठी आहे, स्पष्ट बोलते. पोरीच्या अंगावर परत वळ दिसला तर पोलिसांना फोन करीन."

त्याचा चेहरा असा झाला! "मी हात लावलेला नाही तिला! कधीच नाही!" — ओरडला आणि हातातला कप भिंतीवर फोडला. चहाचे ओघळ खालपर्यंत. शोभना काचा वेचायला बसली. तो काहीतरी बोलणार होता, तिच्याकडे बघून गप्प बसला. लाज वाटली असेल.

निधी जिन्यात उभी होती. माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मीच शत्रू. इतकी वर्षं पोरांना शिकवतेय, पण ही नजर मला कळली नाही.

गाडीत बसल्यावर बरं वाटलं. बोलले एकदाचं.

२४ सप्टेंबर

निधी माझ्याशी बोलत नाही. मावशी बंद. मिस एम.

२६ सप्टेंबर

रक्त पुसून आले आत्ता. मार्कसनं गंमत म्हणून निधीची बॅग ओढली. तिनं वळून त्याच्या नाकावर ठोसा मारला, तो पडला, तरी ही वर बसून मारतेच आहे, मारतेच आहे! तोंडातून शब्द नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मी मागून कवेत धरलं तर मनगटाला कडकडून चावली. वरचे चार दात उमटलेत. उल्हास म्हणाला, "टिटॅनसचं घे, आणि ती नोकरी सोड आता." नवऱ्याचं हे बारा वर्षांचं पालुपद आहे.

आमच्याकडे भांडणानंतर गोल करून बसायचं आणि ज्याला मारलं त्याच्याकडे बघून बोलायचं, ही पद्धत. निधी बसली. "आय डोंट नो हाऊ टु स्टॉप," एवढंच म्हणाली. नाकात कापूस घातलेला मार्कस म्हणाला, "इट्स ओके." हे पोर मला फार आवडतं.

नंतर रेनेनं विचारलं, हिच्या घरी काय चाललंय? मी म्हटलं, मी आईच्या संपर्कात आहे. रेने म्हणाली, "गुड."

संध्याकाळी शोभनाला सगळं कळवलं. मारामारी, चावा. निधीनं निबंधात लिहिलंय की अठरा पूर्ण झाले की त्याच दिवशी घर सोडणार, तेही सांगितलं. आईला माहीत असायला हवं ना! शोभना म्हणाली, "बरं झालं सांगितलंत."

४ ऑक्टोबर

आजपासून दोन आठवडे फॉल ब्रेक. सगळे पळाले. निधी दप्तर भरत रेंगाळत होती. फळ्याकडे बघत म्हणाली, "सुट्टीत शाळा उघडी असते का? मी एकटी बसेन. काही नको मला." म्हटलं, "वेडी का तू? घरी जा, झोप काढ, आईच्या हातचं खा."

गेली. चालताना पाय जपून टाकत होती. शोभनाला फोन करून विचारलं. म्हणाली, पीईमध्ये मुरगळला. आमच्याकडे पीईचा, खेळाचा तासच नाही. पण पोळ्या लाटायच्या घाईत असेल बिचारी, काहीतरी बोलून गेली.

१२ ऑक्टोबर

दसरा. शोभनानं फोटो पाठवला — निधी जांभळ्या साडीत, हसतेय. ओळ होती, "ताई, आता सगळं छान आहे." मी तीन लाल बदाम पाठवले.

२१ ऑक्टोबर, सोमवार

शाळा सुरू. निधी नाही. शोभनाचा मेसेज, व्हायरल आहे.

अथर्वला फोनवर निधीचं सहज बोलले. पोरगा एकदम गार. "मॉम, तू एक महिना रिपोर्ट नाही केलंस? इट्स लिटरली युअर जॉब!" मी म्हटलं, अरे, त्यांच्या घराचा विचार कर. म्हणाला, "मला मारलं होतंस तेव्हा मी कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होतो. एव्हरी डे." आणि फोन ठेवला.

चौथीतलं पोर, माझंच. मी इथं बसून रडतेय आणि अजून हॉटलाइनचा नंबर फिरवलेला नाही. उद्या सकाळी निधीला डोळ्यांनी बघून येते आणि मग करते.

२२ ऑक्टोबर

सकाळी त्यांच्या दारावर पोलिसांची पिवळी पट्टी होती.

निधीचं डावं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. कानामागं अकरा टाके. पाठीवर जुने-नवे वळ, आयसीयूत आहे. संग्रामनंच काल रात्री गाडीत घालून नेलं म्हणे, डॉक्टरांनी पोलिसांना बोलावलं. नेलं तर नेलं, उपकार केले का? मेल्याचे हात कापायला हवेत!

शाळेच्या पार्किंगमधून हॉटलाइनला फोन केला. पलीकडच्या बाईनं शांतपणे विचारलं, "तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?" म्हटलं, सतरा सप्टेंबर. तिनं तारीख परत विचारली. मी परत सांगितली.

रेनेनं किल्ल्या मागितल्या. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. रागावली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. भिंतीवरच्या सह्यांसमोरून बाहेर पडले.

२४ ऑक्टोबर

डिटेक्टिव्ह घरी आला होता. शोभनाला अटक झालीय. संग्राम नव्हे, शोभना. निधीनं आयसीयूत स्वतः सांगितलं, संग्रामनं आता कबूल केलं. तो इतकी वर्षं बघत होता, गप्प होता. दर वेळचे फोटो निधीनं काढून ठेवलेत. अठरा सप्टेंबर. सव्वीस सप्टेंबर. चार ऑक्टोबर. मी शोभनाला केलेल्या फोनच्या तारखा डिटेक्टिव्हकडे आधीच होत्या.

त्यानं निधीला विचारलं होतं, शाळेत कुणालाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, शाळेतली एक जण आईला सगळं सांगायची.