हसणारी माणसं दिसत न्हाईत

ता. १ डिसेंबर २००३

आले बाई एकदाची बेल्ह्याला! वर तारीख घालायची आणि मग लिहायचं, असं हर्षालीनं बजावलंय. हर्षाली म्हणजे माझी नात, माझ्या सावळेरामाची लेक. साक्षरतेच्या वर्गात मी अंगठ्यावरून सहीवर आले व्हते, पण पुढं सराव ऱ्हायला न्हाई. म्हणून पोरीनं आल्या आल्या ही वही हातात दिली. म्हणाली, आजी, रोज काय घडलं ते लिही, चुकलं तरी चालंल, मी काय छडी मारणारी मास्तरीण न्हाई.

अवसरी बुद्रुकचं घर धाकट्याच्या हवाली केलं. निघताना शेळीच्या पाठीवरून हात फिरवला तर तिनं माझा पदरच चावला. आता तिला काय समजावायचं? येताना टेम्पोवाल्यानं पुढं बसवलं. मागं बाजाराचा बैल. तो सारखा हंबरायचा आणि मी म्हणायचे, आलं रे बाबा, आलं! टेम्पोवाला म्हणाला, आजी, बैल तुमच्या वळखीचा दिसतोय. लई हसलो दोघं.

सावळेरामाचं सीडीचं दुकान. पुढं दुकान, मधी पडदा, मागं आमी. लग्नाकार्याला तो टीव्ही आणि सीडीची पेटी भाड्यानं देतो. सून गोड आहे, फक्त चहात साखर कमी घालते. हर्षालीला वीस पुरी झाली. रोज एसटीनं आळेफाट्याला जाते, कॉम्पुटर शिकते. शिकून झालं की जुन्नरला नोकरी आहे म्हणे, साहेबानं शब्द दिलाय. पहिल्या पगारात तुला चष्मा घेणार, म्हणाली. आमच्या घरात पगार आणणारी ही पहिलीच बाई. मी तर आत्ताच डोळे मिचकावून बघते, चष्मा कसा दिसंल म्हणून.

ता. ५ डिसेंबर

आज इतकी हसले की बरगडीत चमक निघाली. सावळेरामानं चिकट्याची सीडी लावली व्हती. चिकट्या म्हणजे एक वेडं सोंग. टोपी वाकडी, गळ्यात पिवळा रुमाल. बाई दिसली की तिच्या मागं डिंकासारखा. ती डावीकडं तर हा डावीकडं, ती उजवीकडं तर हा उजवीकडं. मग पदर धरतो आणि म्हणतो, "पावणं आलं, दार उघडा!" बाई किंचाळते आणि मागनं लोक हसतात.

माझं हसू पहिल्यापासून मोठं. लग्नात आमच्या ह्यांची मुंडावळी नाकात गेली आणि त्यांना शिंक आली, तेव्हा मी अंतरपाटाच्या अलीकडून खदखदले. तेव्हापासून सासूनं माझ्या हसण्यावर पाळत ठेवली. बाईचं हसू चुलीपलीकडं गेलं की घराची अब्रू वेशीवर जाते, असं म्हणायची. सगळा जन्म तोंडात पदर कोंबून हसले. इथं कुणी काही बोलत न्हाई. मोकळं हसते.

एक मात्र सावळेरामाला विचारलं. हे सीडीतले हसणारे लोक कुठं बसलेत? दिसत का न्हाईत? म्हणाला, आई, ते हसू भरलेलं असतं, उशीत कापूस भरतात तसं. पण बाबा, कुणीतरी एकदा बसून हसलं असंलच ना? त्यात एक बाई आहे. हसून हसून शेवटी तिला उचकी लागते. मला तिची दया आली. पाणी द्यायला कुणी न्हाई का तिथं?

ता. ८ डिसेंबर

आज बाजार. बैल, म्हशी, मोटरसायकली, नुसता धुरळा. दुकानापुढं चिकट्या प्रेमी मंडळ जमतं. सगळ्यांच्या गळ्यात पिवळे रुमाल. म्होरक्या आदेश, त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. लई लाघवी. आजी, आजी करून त्यानं मला गुळाची गुडीशेव दिली आणि दुकानापुढच्या लाल खुर्चीवर बसवलं. म्हणाला, आमच्या मंडळाला अशीच हसणारी माणसं पाहिजेत, आजपासून तुमी मानाची आजी. मला मान! मला तर हळदीकुंकवालासुद्धा कुणी पहिल्या पाटावर बसवलं न्हाई.

मग पोरांनी चिकट्या करून दाखवला. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांच्या मागं तसंच चालायचं, तसंच पदराला हात घालायचा, "पावणं आलं!" सगळा बाजार हसला. कांदे विकणारी एक बाई तर पदर तोंडात घालून हसली. तिचे डोळे मात्र हसत नव्हते. पदर तोंडात घातला की डोळ्यांचं असंच व्हतं, मला ठावं आहे.

हर्षाली एसटीतून उतरली ती पडद्याआड निघून गेली. जेवली न्हाई.

ता. १३ डिसेंबर

हर्षालीनं मला आज वही मागितली न्हाई, अक्षर तपासायला. जवळ बसली आणि म्हणाली, आजी, तू त्या खुर्चीवर बसू नकोस. तू हसतीस तेव्हा त्यांना जोर येतो. मी म्हणाले, अगं, चेष्टा ती, तुझ्या आजोबांनी माझी काय कमी चेष्टा केली का? ती म्हणाली, आजोबांना तू म्हणलीस की थांबत व्हते ना?

तिच्या हिरव्या ठिपक्यांच्या ओढणीचा काठ उसवलाय. मी दोरा घेतला तर म्हणाली, उद्या परत फाटंल.

ता. १६ डिसेंबर

तिला आणायला मी स्वतः स्टँडवर गेले. बरं झालं गेले. न्हाई, बरं न्हाई झालं.

ती उतरली. आदेश आणि त्याची पोरं मागं लागली. मुतारीच्या भिंतीपाशी तिला अडवली. "दार उघडा, दार उघडा!" आदेशचा एक हात ओढणीत, दुसरा तिच्या कमरेवर. ती दोन्ही हातांनी ढकलत व्हती. चहावाला हसतोय, कंडक्टर हसतोय, एसटीच्या खिडक्यांतून माणसं हसतायत. काठी उगारून म्हणणार व्हते, सोड मेल्या पोरीला!

तोंड उघडलं आणि हसू बाहेर आलं.

मी हसले न्हाई. खरं सांगते. ते आलं. उलटी येते तसं आलं. आदेश वळून म्हणाला, बघा, आजीला पण आवडलं! हर्षालीनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला इथं लिहिता येत न्हाई.

ता. १८ डिसेंबर

दुपारी लाइट गेली. दुकान बंद, टीव्ही काळा. मी कांदा चिरत व्हते. पडद्यापलीकडनं माणसं हसली.

सुनेला म्हणाले, गिऱ्हाईक आलंय. ती म्हणाली, शटर ओढलंय, आई, कोण येणार? मी पडदा सरकवला. कुणी न्हाई. पेटीची तारसुद्धा काढलेली. हसू थांबलं, आणि मग एकटी उचकी.

सुनेला ऐकू गेलं न्हाई.

ता. १९ डिसेंबर

समोर जैबुन्निसाचं बांगड्यांचं दुकान आहे. पिवळ्या रुमालवाला दिसला की ही बाई दुकानाची फळी ओढून घेते. आज बांगड्या भरायच्या निमित्तानं गेले आणि उचकीचं बोलले. तिनं माझा हात सोडला. म्हणाली, मावशी, त्या खुर्चीवर तुमच्याआधी ठकूबाई बसायची. मंडळाची मानाची मावशी. असंच हसायची, शेवटी उचकी लागायची. तिच्या सुनेच्या मागं ही पोरं लागली, सून रडत सांगायला आली, तर ठकूबाईला हसू आवरेना. सून माहेरी गेली ती आलीच न्हाई. आणि एका बाजाराला ठकूबाई खुर्चीवर व्हती, मग नव्हती. उठताना कुणी बघितलं न्हाई. चपला खुर्चीखाली तशाच.

मी म्हणाले, मग शोधली न्हाई कुणी?

म्हणाली, शोधायचं काय? ऐकू तर येते रोज.

तिची लेक फरहा पण असंच सांगायला आली व्हती म्हणे. जैबुन्निसानं त्याच दिवशी लेकीला जुन्नरला बहिणीकडं पाठवलं. म्हणाली, मी हसले न्हाई, एवढंच केलं, म्हणून माझं तोंड अजून माझं आहे.

ता. २१ डिसेंबर

हर्षालीनं बापाला सगळं सांगितलं. मंडळाची पोरं त्याचीच गिऱ्हाइकं. तरी त्यानं आदेशला बोलावलं. आदेश हात जोडूनच आला. म्हणाला, काका, मला बहिणीसारखी ती. चिकट्याची नक्कल केली, गावाला हसवलं, त्यात पाप काय? आजींना विचारा, आजी व्हत्या तिथं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हर्षाली म्हणाली, आजी, तू फक्त बघितलं ते सांग. बाकी काही न्हाई.

शब्द जिभेवर तयार व्हते. त्याचा हात तिच्या कमरेवर व्हता. ती ढकलत व्हती. मी बघितलं. एवढंच.

तोंड उघडलं. हसले. बरगडी मोडंल इतकी हसले. पदर कोंबला तर पदरातून हसले. मग सावळेराम हसला, सुटल्यासारखा. मग सून. आदेश म्हणाला, म्हणालो व्हतो ना, चेष्टा आहे!

डोळ्यांतून पाणी वाहत व्हतं. त्यांना वाटलं, हसून.

ता. २३ डिसेंबर

क्लास बंद केला तिचा. सावळेराम म्हणतो, चार लोकांत चर्चा नको, पौष संपला की स्थळं बघू. नोकरी गेली. पोरगी घरात, पडद्याआड. बाहेर ते हसतात, आत मी.

ती माझ्याशी बोलत न्हाई. मी तिच्याजवळ जायला घाबरते. ती रडली की मला हसू येतं. लांब बसते, तोंडावर दोन्ही हात ठेवून.

ता. २४ डिसेंबर

तोंडानं जमत न्हाई तर लिहीन, असं ठरवलं. पोरीच्या हातात देईन, तिनं जुन्नरला पोलिसांत द्यावं. बसले. लिहिलं—

आदेशनं हर्षालीच्या हा हा हा हा

खोडलं. परत.

मी स्टँडवर बघितलं की हा हा हा हा हा

बाकी सगळं लिहिता येतं, माझ्यापुरतं सोळा तारखेचंसुद्धा. वरणात मीठ जास्त पडलं, हे लिहिता येतं. फक्त हे पोलिसांसाठी—

ता. २८ डिसेंबर

हर्षाली आपणहून आली. मी तोंड दाबून बसले व्हते. तिनं माझे हात धरले, म्हणाली, आजी, तुझं हसू तुझं न्हाई, मला कळलंय. तू रडतीस ते मी बघितलंय. उद्या बाजाराच्या गडबडीत मी एसटीनं जुन्नरला जाते. फरहा आहे, पुढं नोकरीचं बघते. तू फक्त दुकानापुढं बस आणि स्टँडकडं आदेश येताना दिसला तर मला हाक मार. नुसती हाक.

हाक तर मारीन. हाकेला कुठं काय लागतं?

मघापासून मनात घोकतेय. हर्षाली पळ. हर्षाली पळ.

ता. २९ डिसेंबर

बाजार भरलाय. लाल खुर्ची. मी बसलेय, वही मांडीवर. ती निघाली. हिरवी ओढणी. दुकानात टीव्ही चालू, चिकट्या. सावळेराम आत.

टीव्हीत आज बाई वेगळी आहे. पाठमोरी. ओढणी हिरवी, ठिपक्यांची. काठ उसवलेला.

उठते—

उठता येत न्हाई. चपला खाली, पाय न्हाईत चपलांत—

बाजार काळा झाला. दुपार व्हती की आत्ता—

ता.

माहीत न्हाई.

अंधार. खुर्ची तीच. आजूबाजूला माणसं. दिसत न्हाईत, श्वास लागतो अंगाला. शेजारी उचकी. ठकूबाई का गं? बोलत न्हाई. माझा हात धरलाय तिनं. गार.

समोर उजेडाची चौकट. त्यात स्टँड. एसटी उभी. हर्षाली दारापाशी पोचली— पोचली गं बाई—

मागनं पिवळा रुमाल.

ती थांबली. इकडं बघतीय. अंधारात आमच्याकडं. मला दिसतोय तिचा चेहरा. ओठ कळतात. आजी म्हणतीय. हाकेची वाट बघतीय—

हर्षाली पळ. हर्षाली पळ. तोंड उघडतंय. ठकूबाई, धर माझं तोंड— सगळ्यांनी श्वास घेतला— आता—

हर्षाली प