माझ्या मंगलाष्टकांचं कौतुक

२ मे १९३६, भोर
कचेरीत हेडक्लार्कनं चारचौघांत 'ठोंब्या' म्हटलं. मासिकात वाचलंय, आपलं कौतुक झाल्याचा एक प्रसंग रोज आठवावा, मनाला टॉनिक मिळतं. आजपासून सुरू.

प्रसंग: किकवी गावातलं लग्न. स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायला उभा राहिलो. पहिली ओळ होते न होते तोच सनईवाल्या गेनूला राहवेना, त्यानं वाजवायलाच घेतलं. लोकांनी 'सावधान'ची वाट न बघता अक्षता उधळल्या! असा रिस्पॉन्स कुणाला मिळतो?

४ मे
प्रसंग: वेल्ह्याचं लग्न. तिथंही गेनू, तिथंही तेच. खेड्यातला माणूस, पण काव्य कळतं त्याला.

अकरा तारखेला गंगाधरच्या मुलीचं, कुंदाचं लग्न. गंगाधर म्हणजे माझा बालमित्र. तिच्यासाठी नऊ कडवी करणार. रोज पहाटे प्रॅक्टिस.

५ मे
उठलो नाही. गळ्याला विश्रांती हवीच.

८ मे
दोन कडवी तयार. उरलेली उभं राहिल्यावर सुचतील. बायकोला, पद्मजेला, ऐकवायला बसवलं, तर तिला नेमकी चुलीवरच्या दुधाची आठवण झाली.

गंगाधर म्हणाला, तू आपला पंगतीकडे बघ, गाण्याची दगदग नको. किती जपतो! म्हटलं, कुंदासाठी एवढं करीनच.

११ मे, संध्याकाळ
अंतरपाट धरला. मी खाकरलो. नुसता खाकरलो, तर सनई, संबळ, सगळं एकदम! हातानं थांब थांब केलं. गेनू डोळे मिटून वाजवतोय. लग्न लागलंसुद्धा!

नंतर त्याला मांडवामागे गाठलं. म्हणाला, आमी काय करावं, तुमी तोंड उगडलं की वाजवायचं, असं गंगाधरपंतांनीच सांगून ठिवलंय. किकवीला बी, येल्ह्याला बी. आज खाकरल्यावरच वाजीवलं ती तेवढी चूक झाली, माफी करा.

गंगाधर! नीरेत ज्याच्या कंबरेला धरून पोहायला शिकलो, तो! विश्वासघातकी. गळा भरून आला, आणि आता गळ्याचा कुणाला काय उपयोग.

१२ मे
पद्मजेला बजावलं, या घरात गंगाधरचं नाव काढायचं नाही. ती वाढता वाढता म्हणाली, भावजींना बोलू नका. मीच त्यांना गळ घातली होती. तुम्ही गायला लागलात की बायका पदर तोंडाला लावून हसतात. मला ते बघवत नाही.

भरल्या ताटावरून उठलो. ओटीवर जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं भूक लागली, परत आलो. तिनं आमटी गरम करून वाढली.