आरशातही सरळ

८ एप्रिल
सूनबाईंचं पार्लर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उघडणार. रुचिका म्हणाली, ‘मम्मी, माझंच नाव देऊ ना? इतकी वर्षं दुसरीच्या पार्लरमध्ये राबले.’ भावना समजते. पण खुर्च्यांसमोर आरसे आणि मागच्या भिंतीवर नाव. म्हणजे गिऱ्हाइकाला ते उलटं दिसणार! हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी बीएस्सी, गणित. जबाबदारी घेतली.

९ एप्रिल, सकाळी
हातात आरसा धरून एकेक अक्षर तपासलं. A, H, I, M, O, T निर्मळ. आरशात तश्शीच. R, C, K मान फिरवतात. रुचिकाच्या नावात तिन्ही. माझा नाइलाज. N, S, Z लबाड. डोक्यावर उभी केली तरी तीच, आरशात मात्र फितूर. देवनागरी पूर्ण बाद. काय मजा आहे या विषयात!

१० एप्रिल
सापडलं! MAHIMA. सगळी अक्षरं पास. आनंदात भाजीत तिखट दोनदा पडलं. यांनी पाणी पीत विचारलं, ‘महिमा कोण?’ कोणी नाही. तोच तर फायदा. रुचिका ताट उचलून आत गेली. पटलं असावं.

१७ एप्रिल
वाहिद रेडियमवाल्याने सोनेरी अक्षरं चिकटवली. म्हणाला, ‘काकू, असं घासून लावलंय, आता जन्मभर निघणार नाही.’ म्हटलं, काढायचं काय कारण? आरसे अजून कागदात गुंडाळलेले.

१९ एप्रिल, आखाजी
उद्घाटन. आरशांवरचे कागद काढले.
AMIHAM.
अक्षरं एकूण एक सरळ. रांग मात्र शेवटाकडून सुरू. यात माझी चूक नाही. मी प्रत्येकाला वैयक्तिक तपासलं होतं. शेजारच्या तापीबाईंनी मोठ्याने विचारलं, ‘हाई आमिहाम कोन शे वं?’ बाया इतक्या हसल्या की एकीच्या तोंडावरचा लेप तडकला. मीही हसले. शिस्तीत.

२० एप्रिल
AMMA सुचवलं. पुढून, मागून, आरशात, सगळीकडे AMMA! रुचिकाने पहिल्यांदाच आवाज चढवला. ‘भुवया मी करायच्या, उभी मी राहायचं, आणि नाव अम्माचं?’

२३ एप्रिल
वाहिदने अक्षरं खरवडली. भिंतीचा रंगही आला. त्या जागी आता: रुचिका. तेही देवनागरीत. चूक दाखवायला मुद्दाम गेले. खुर्चीत तापीबाई. विचारलं, आरशात नाव वाचता येतंय का? म्हणाल्या, ‘रुचिकानं दुकान, रुचिकानं नाव. त्यामा वाचनं काय? मी ते मन्ह्या भुवया देखी ऱ्हायनू.’ म्हणजे दुकान रुचिकाचं, नावही रुचिकाचं, मग वाचायचं कशाला; त्या आपल्या भुवया बघताहेत.

त्या उठल्यावर मी बसले. फक्त अक्षरं तपासायला. नाव साफ उलटं. समाधान वाटलं. मग त्याच्या खाली मी दिसले. डावी भुवई उजवीपेक्षा वर. बरीच वर.

रुचिकाला म्हटलं, दोन्ही सारख्या कर.

दोरा फार झोंबतो.