मुलाकातीचा वार

प्रिय कडूबा,

तुझा पत्ता तुझ्या भाचीकडून, रूपाकडून घेतला. म्हणाली, मामा पाचोडलाच असतात, गुडघे गेलेत पण कान शाबूत आहेत. बरं वाटलं, कारण तुला काही ऐकवायचं आहे.

इथं छावणी भागात आमचा गाण्याचा वर्ग आहे, म्हातारे-तरणे मिळून एकवीस जण. येत्या रविवारी कार्यक्रम आहे: आणीबाणीत तुरुंगात असलेल्यांच्या कवितांचं वृंदगान. शिकवणारी प्रेरणा माझ्या नातीएवढी, पण जरब हेडमास्तरिणीची. तिला एक जुनी पुस्तिका मिळाली. त्यातल्या एका कवितेखाली नावच नाही, नुसतं 'एक बंदी'. मी पहिल्या कडव्यालाच ओळखली. खुलताबादचे पेरू मीठ लावून खाणारा अन् वर सर्दीची तक्रार करणारा दुसरा कोण असणार? लई हसले. मग धृपद आलं.

'मुलाकातीचा वार गेला, माझं कुणी आलं नाही.'

चाल फार सुरेख बांधलीय पोरीनं. पुरुष खाली एकच सूर धरून ठेवतात, आम्ही बायका वरून ती ओळ तीनदा म्हणतो. दर तालमीला माझा आवाज तिथंच बसतो. प्रेरणा म्हणते, चाची, जमत नसेल तर हे गाणं सोडा. मी कशाला सोडू? तुझे शब्द इतक्या वर्षांनी माझ्या तोंडी आलेत. तुझी आठवण येते रे. इब्राहीम होते तेव्हाही यायची. भले गृहस्थ होते, त्यांना मी कधी कळू दिलं नाही. तू सुटून आलास तेव्हा माझा निकाह होऊन गेला होता. मला पाहून तू रस्ता बदलायचास, अन् हाक मारायची माझी हिंमत व्हायची नाही.

कडूबा, मी आले होते. दोनदा. फाटकावर वही होती, तिच्यात बंद्याशी नातं काय ते लिहायचं होतं. बहीण लिहवेना, बायको लिहायचा हक्क नव्हता. दोन्ही वेळा रकाना कोरा ठेवून परत फिरले. अन् तू पन्नास वर्षं धरून बसलास की सगीरा आलीच नाही. रविवारी ये, साडेपाचला, छावणीतल्या शाळेच्या सभागृहात. बाकीच्या बायका ती ओळ गातील तेव्हा मी दुसऱ्या रांगेत तोंड मिटून उभी असेन. खोटं मला गाता येत नाही.

तुझीच,
सगीरा