कोपऱ्यातला लाल धागा

मंगळवार, संध्याकाळ. पिंपळवंडी.

आमच्या घोंगड्यांच्या वेबसाइटसाठी दोन डिझायनरांचे नमुने आले. थोरल्या मुलाला जुन्नरचा पसंत. पण मंचरच्या बाईंनी कॉम्प्युटरवर काढलेल्या घोंगडीच्या डाव्या कोपऱ्यात लाल धागा!

दृष्ट लागू नये म्हणून तो फक्त आमची ही ओवायची. विकायच्या मालाला डावीकडे, माझ्या घोंगडीला उजवीकडे. शाळेतल्या कवितेसारखं पाठ आहे मला. ती गेल्यापासून कोणी ओवत नाही. मग या बाईंना कुणी सांगितलं?

बाईंना फोन केला. "बाबा, धागा मी नाय टाकला. काढते लगेच."

थोरल्यानं पान पुन्हा उघडलं. धागा आता उजवीकडे.

"आबा, हे काय व्हतंय?"

"काम मंचरलाच दे," म्हणालो.

माझी घोंगडी पांघरून बसलोय. हिनं ओवलेला धागा उजव्या कोपऱ्यात अजून आहे का, हे बघायचं धाडस होत नाही.