तेविसाव्या पानावरची रिकामी जागा

१३ ऑक्टोबर १९९७, सोमवार
मी हात न लावता कॉम्प्युटर ओळी पुढे ढकलतो आहे, म्हणून ही नोंद. ऑफिसात प्रत्येक बिघाड तारखेनिशी लिहायचे. घरी तशी वेळ आली नव्हती.

काम असे: माझे यजमान नंदकिशोर गेल्या वर्षी गेले. ७९ साली आम्ही वाशीत राहायला आलो, तेव्हाच्या आठवणींची त्यांची वही मी टाइप करते आहे. दिवाळीनंतर वर्षश्राद्ध. त्या दिवशी पुस्तिका वाटायची. फ्लॉपी प्रेसला २१ला द्यायची, नाहीतर छापून होणार नाही.

आज पान २३वरचा एक परिच्छेद गाळला. गाळताच कर्सर आपोआप खाली उतरू लागला. एक पान कोरे, मग दुसरे. व्हायरस. उद्या दुपारपर्यंत निकाल लावते.

१४ ऑक्टोबर
व्हायरस नाही. कार्डे काढून पुसून बसवली. सुरू होताना एकदा बीप वाजतो, तो किरकोळ.
पान २३. पुन्हा तेच.

१५ ऑक्टोबर
बंगलोरहून निशांतचा फोन. म्हणे, आई, कीबोर्ड बघितलास का? पंचवीस वर्षे मशीनवर काढलेल्या आईला हे विचारतो! कीबोर्ड दसऱ्याला मीच पुसला, मीच पूजा केली. हळद, कुंकू, झेंडू. अक्षता मी चार दाणेच टाकते, पण यांची पद्धत मूठभर टाकायची. यंदा तीच पाळली.
दोष सिस्टीममध्ये आहे. उद्या सगळी नव्याने टाकते.

१६ ऑक्टोबर
टाकली. सहा तास गेले. पान २३, कोरे, कोरे, कोरे.
इतर पानांवर पाहिले नाही. गरज वाटली नाही.

१७ ऑक्टोबर
सुंदराबाई तळवलीहून केर-फरशीला येते. तिने पडद्याकडे पाहिले आणि झाडू खाली ठेवला. म्हणाली, "बाय, दादांचा जीव यानच अडकून हाय. तुमी त्यांचं काय खोडलंव?"
मी म्हटले, फरशी पूस.
खोडले ते जागेअभावी. नोंद असावी म्हणून उतरवते: 'सांजेला खाडीकडे कोल्हे ओरडत. दिवे गेलेले असत. जयमाला माझ्या शर्टाची बाही धरून बसे. दिवे येईपर्यंत मी हलत नसे.' अनावश्यक. शिवाय खोटे. मी कशालाही भीत नाही.

१८ ऑक्टोबर
यांच्या खुर्चीवर कपड्यांची घडी ठेवायचे, ती काढली. धूळ साचते म्हणून. एक कप चहा जास्त झाला. सवय.
पडद्याशी मोठ्याने बोलले. म्हटले, पुस्तिका चौसष्ट पानांचीच आहे, समजून घ्या. कर्सर थांबला. मग पुन्हा उतरू लागला, सावकाश, यांच्या जिना उतरण्यासारखा.

१९ ऑक्टोबर
दिवे चालू ठेवते हल्ली. डोळ्यांसाठी.
दोन दिवस उरले. उद्या सकाळी तर्काने सोडवते.

२० ऑक्टोबर, सकाळी साडेदहा
सुटला. मी नाही सोडवला.
सुंदराबाई टेबल पुसत होती. मी नको म्हणेपर्यंत तिने कीबोर्ड उचलून उलटा केला आणि सुपासारखा दोनदा आपटला. एंटरच्या खालून तांदळाचा एक दाणा पडला. कुंकवाने लाल.
"बाय, तांदूल हाय गो! अन् तुमी बिचाऱ्या दादांवर आळ घेतलाव!" पदर तोंडाला लावून हसत होती.
मशीन सुरू केले. बीप नाही. पान २३ काढले. कर्सर जागच्या जागी लुकलुकत राहिला.
अर्धा तास पाहिले. हलला नाही. कॉम्प्युटर दुरुस्त झाला म्हणजे माणसाला बरे वाटायला हवे.

२१ ऑक्टोबर, दुपारी
प्रेसला सुपूर्द: फ्लॉपी एक. यांची मूळ वही एक, ताडून पाहण्यासाठी, परत घ्यायची. पाने चौसष्ट. माझी प्रस्तावना काढली, दीड पान होती. पान २३ वहीत आहे तसे, बाहीसकट.
सुंदराबाईला: दसऱ्याचे राहिलेले लुगडे एक.
दाणा तिने टाकायला मागितला होता. दिला नाही.